आवडत्या वादकाला आठ फुटांवरून ऐकायचं तर : न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वीस-पंचवीस वर्षं ज्याच्या कॅसेटी आणि सीडी झिजवल्या, तो वादक घरापासून तासाभराच्या अंतरावर एका तळघरात आठवडाभर रोज रात्री वाजवतोय, हे न्यू जर्सीतल्या कित्येक मराठी घरांना ठाऊकच नसतं. मोठ्या सभागृहातले कार्यक्रम कळतात, कारण त्यांची जाहिरात होते. क्लबची फारशी होत नाही. शिवाय आपल्याकडे ‘क्लब’ म्हटलं की दारू, अंधार आणि धिंगाणा एवढंच डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे ठाऊक असलेलीही माणसं बिचकतात. जॅझ क्लब हे प्रकरण वेगळं आहे. चांगल्या क्लबात वादन चालू असताना शेजाऱ्याशी कुजबुजलात तरी माना वळतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर वाढपीच येऊन गप्प करतात. खासगी बैठकीत बसायची सवय असलेल्या माणसाला तिथे रुळायला दहा मिनिटं पुरतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे : नोकरी-शिक्षणासाठी इकडे नवीन आलेले, आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. जॅझमधलं काही कळायलाच हवं अशी अट नाही. मात्र कुणातरी एका वादकावर तुमचा जीव असला तर मजा वेगळीच येते, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

पहिलं काम : आपला माणूस कुठे वाजवतो ते शोधा

कागदावर पाच-सहा नावं लिहा. ज्यांचं वादन तुम्ही खरोखर ऐकलंय अशांचीच, ऐकायला हवं म्हणून कुणी सांगितलेली नकोत. मग त्यांची वयं बघा. बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) वाजवणारे रॉन कार्टर यांचा जन्म १९३७ चा, पियानोवादक केनी बॅरन यांचा १९४३ चा, बासवादक डेव्ह हॉलंड यांचा १९४६ चा. यादीत थोरली माणसं असतील तर त्यांना आधी ऐका. डेव्ह हॉलंड आणि सॅक्सोफोनवादक क्रिस पॉटर यांच्याबरोबर झाकीर हुसेन यांचं एक त्रिकूट होतं, २०१९ मध्ये त्यांचा अल्बमही आला. ‘परत येतील तेव्हा जाऊ’ असं म्हणत राहिलेले लोक मला माहीत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले.

नावं लिहून झाली की प्रत्येकाच्या संकेतस्थळावर दौऱ्याचं पान बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्लबचं स्वतःचं कॅलेंडर बघा. न्यूयॉर्कच्या जुन्या क्लबांची एक पद्धत फार सोयीची आहे. एक वादक आपला संच घेऊन येतो आणि मंगळवार ते रविवार, सहा रात्री, रोज दोन सेट, म्हणजे दोन स्वतंत्र बैठका, वाजवतो. म्हणजे एका आठवड्यात बारा संधी. हातातली तारीख हुकली तर लगेच दुसरी असते, हे सुख मोठ्या सभागृहांत नाही. काही जण तर वर्षानुवर्षं ठराविक काळातच येतात. पियानोवादक रॉबर्ट ग्लॅस्पर २०१८ पासून ऑक्टोबरच्या सुमारास ‘ब्लू नोट’मध्ये अख्खा मुक्कामच ठोकतो.

कोणता क्लब कसा

‘व्हिलेज व्हॅनगार्ड’वर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पहिल्यांदा जायचं तर तिथेच जावं असं माझं मत आहे. पत्ता १७८, सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू साऊथ. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये हा क्लब काढला. १९८९ मध्ये ते वारल्यावर पत्नी लॉरेन यांनी तो २०१८ पर्यंत सांभाळला, आणि पुढे कन्या डेबोरा यांनी. रस्त्यावर एक लाल दार, त्यातून खाली उतरणाऱ्या पंधरा अरुंद पायऱ्या, आणि खाली पाचरीच्या आकाराची खोली. तिच्या निमुळत्या टोकाला मंच, मागे लाल पडदा. १२३ माणसं मावतात. छत इतकं खाली की उंच माणसाला उगाच मान वाकवावीशी वाटते. खायला काहीही मिळत नाही. स्वयंपाकघर आहे, पण ते वादकांच्या बसण्या-उठण्याची खोली म्हणून वापरतात.

या खोलीत जे रेकॉर्ड झालं त्याची यादीच छाती दडपवणारी आहे. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांनी ३ नोव्हेंबर १९५७ ला इथे केवळ बास आणि ड्रम्स सोबत घेऊन वाजवलं, पियानो नाहीच. हेच रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत येऊन पवईच्या आश्रमात राहिले होते, आणि १९७८ मध्ये मुंबईतल्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त त्यांनी वाजवलं. धोबी तलावच्या रंगभवनात तो महोत्सव ऐकलेली माणसं अजून भेटतात. तुमच्या घरातच कुणी काका-मामा निघतील, विचारून बघा. नोव्हेंबर १९६१ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी इथे ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. त्यांच्या मुलाचं, तोही सॅक्सोफोनवादक, रवी कोल्ट्रेनचं नाव पंडित रविशंकरांवरून ठेवलेलं आहे.

आणि २५ जून १९६१, रविवार. बिल एव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बास), पॉल मोशन (ड्रम्स) या त्रिकुटानं दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट वाजवले. ते रेकॉर्डिंग लक्ष देऊन ऐकलंत तर पियानोच्या मागे ग्लास एकमेकांना लागल्याचे आवाज आणि टेबलांवरच्या गप्पा सरळ ऐकू येतात. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, वय अवघं पंचवीस. समोर काय चाललंय याचा पत्ताच नसलेली ती टेबलं रेकॉर्डवर कायमची कोरली गेली आहेत. आजच्या व्हॅनगार्डमध्ये ‘बोलू नका’ असं बजावतात ते बरंच आहे.

दर सोमवारी तिथे ‘व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा’ असतो. थॅड जोन्स आणि मेल लुइस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये सुरू केलेला हा सोळा जणांचा ताफा सोमवारचा नेम अजून पाळतो. यादीतलं कुणीच या महिन्यात नसेल, किंवा मुळात यादीच नसेल, तर सोमवारी जा. सोळा माणसं त्या एवढ्याशा मंचावर बसतात कशी, हे बघण्यातच पहिली पाच मिनिटं जातात, आणि मग पितळी वाद्यांचा पहिला एकत्र सूर अंगावर येतो.

‘ब्लू नोट’ वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ, १३१ वेस्ट थर्ड स्ट्रीट. १९८१ पासून. मोठी नावं इथे हमखास येतात. जेवणही मिळतं. पण लांब टेबलांवर अनोळखी माणसांना खांद्याला खांदा लावून बसवतात, आणि टेबलाचं तिकीट बारच्या तिकिटापेक्षा महाग असतं. पर्यटकांची गर्दी जास्त. माझं मत विचाराल तर तुमचा वादक व्हॅनगार्डलाही येत असेल तर तिकडेच ऐका. फक्त इथेच येत असेल तर नाक मुरडू नका.

‘स्मॉल्स’ (१८३ वेस्ट टेन्थ स्ट्रीट, १९९४ पासून) आणि जवळचंच ‘मेझ्रो’ ही आणखी लहान तळघरं. मेझ्रो म्हणजे जवळजवळ दिवाणखाना. पियानो आणि बास एवढंच बहुतेक असतं. स्मॉल्समध्ये रात्री उशिरा जॅम सेशन, म्हणजे जमलेल्या वादकांनी ऐनवेळी मिळून वाजवणं, रंगतं, तिथे उद्याची नावं आज ऐकायला मिळतात. आईवडिलांच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर मात्र यातल्या तळघरांचा नाद सोडा आणि कोलंबस सर्कलच्या इमारतीत पाचव्या मजल्यावरच्या ‘डिझीज क्लब’ला जा. लिफ्ट आहे, जेवण आहे, वादकांच्या मागे काचेतून सेंट्रल पार्कच्या बाजूचं शहर दिसतं. जवळीक थोडी कमी, सोय जास्त.

रात्र कोणती, सेट कोणता

बहुतेक ठिकाणी रोज दोन सेट असतात. व्हॅनगार्डमध्ये आठला आणि दहाला. प्रत्येक सेट सव्वा तासाच्या आसपास, आणि प्रत्येक सेटचं तिकीट वेगळं. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात. आठचं तिकीट काढून ‘मध्यंतरानंतर परत सुरू होईल’ म्हणून बसून राहतात, तेवढ्यात खोली रिकामी करायला सांगतात.

मंगळवारी संच नुकताच जुळत असतो. कागद चाळणं, एकमेकांकडे बघून खुणा करणं चालू असतं. ज्यांना कारखाना बघायला आवडतो त्यांनी मंगळवार गाठावा. शुक्रवार-शनिवारी खोली खच्चून भरते आणि त्यात ‘न्यूयॉर्कला आलोच आहोत तर जॅझ बघू’ वाले बरेच असतात. बुधवार-गुरुवारचा दुसरा सेट मला सर्वांत पसंत. तोपर्यंत हात गरम झालेले असतात, घाईची माणसं निघून गेलेली असतात, वादकही वेळेच्या बाबतीत जरा हात सैल सोडतात. आता एडिसनला राहून सकाळी आठला ऑफिस गाठायचं असेल तर हा सल्ला खिशात ठेवा आणि आठचाच सेट घ्या. झोप मोडून, पेंगत ऐकण्यात काही अर्थ नाही.

तिकीट आणि एकूण खर्च

तिकीट फक्त क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. शोधयंत्रात क्लबचं नाव टाकलं की वरती दुप्पट-तिप्पट भावानं तिकिटं विकणारी पुनर्विक्रीची दुकानं येतात. ती दिसायला अगदी अधिकृत वाटतात. पत्त्याची ओळ नीट वाचा.

छापील किमतीवर थांबू नका. क्लबचा हिशेब तीन थरांचा असतो : वादनाचं शुल्क, किमान खरेदी, आणि त्यावर कर-टिप. व्हॅनगार्डमध्ये माणशी निदान एक पेय घ्यावंच लागतं. ब्लू नोटमध्ये टेबलावर बसलात तर माणशी ठराविक रकमेचं, साधारण वीस डॉलरचं, खाणं-पिणं घ्यावं लागतं. दोघांचा व्हॅनगार्डचा हिशेब मांडू. तिकीट चाळीसच्या आसपास धरलं तर ऐंशी डॉलर. दोन पेयांचे तीसेक. त्या पेयांवर शहराचा ८.८७५ टक्के कर आणि अठरा-वीस टक्के टिप. ऑनलाइन आरक्षणाचं शुल्क मिळवून सव्वाशेच्या आत-बाहेर. दर बदलत राहतात, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवा.

दारू घेत नसाल तर काही अडत नाही. सोडा, जिंजर एल, ज्यूस, सगळं ‘एक पेय’ म्हणूनच धरलं जातं, कुणी भुवई उंचावत नाही. दारू घ्यायची असेल तर वय एकवीस पूर्ण हवं आणि ओळखपत्र हवं. मुलांकडे आलेल्या आजोबांनाही मागू शकतात, तेव्हा पासपोर्टची फोटोप्रत नको, मूळ काहीतरी जवळ ठेवा. लहान मुलांना न्यायचं असेल तर त्या-त्या क्लबचा वयाचा नियम आधी वाचा.

तिकिटं संपलेली दिसली तरी हातपाय गाळू नका. एकट्यानं जाणार असाल तर कोपऱ्यातली एखादी खुर्ची बहुधा निघते. दारात जाऊन नम्रपणे विचारायचं आणि बाजूला थांबायचं. थंडी-पावसाच्या रात्री तर काही जण येतच नाहीत. खरं सांगायचं तर आवडत्या माणसाला ऐकायला एकट्यानंच जावं. सोबतच्याला कंटाळा येतोय का, हे बघण्यात अर्धं लक्ष जातं.

आठवडाभर आधी : जुनं कमी, नवं जास्त ऐका

हा टप्पा लोक गाळतात आणि मग निराश होऊन परततात. तुमच्या मनातला वादक १९८५ चा किंवा १९९५ चा असतो. त्या रात्री समोर येणारा आजचा असतो. तुमच्या लाडक्या अल्बममधलं एकही न वाजवता तो सेट संपवू शकतो. म्हणून त्याचे अलीकडचे दोन अल्बम आठवडाभर कानावर पडू द्या. आणखी एक, साथीला कोण आहे ते बघा. इथे ‘साथ’ हा शब्द खरं तर तोकडा पडतो, कारण बास आणि ड्रम्सवाले निम्मी रात्र घडवतात. क्लबच्या कॅलेंडरवर प्रत्येकाचं नाव आणि वाद्य दिलेलं असतं. ड्रम्सवाल्याचं नाव शोधून त्याचं काही ऐकून गेलात तर समोर ऐकायला एकाऐवजी दोन ओळखीचे होतात.

जायचं कसं, खायचं कुठे

गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यात पहिली तीन गाणी जातील.

एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन भागातून एनजे ट्रान्झिटनं पेन स्टेशन गाठा, तिथून २ किंवा ३ नंबरची सबवे; पुढचंच स्टेशन १४वा रस्ता. व्हॅनगार्डसाठी १२व्या रस्त्याकडच्या जिन्यानं वर या, म्हणजे उलट चालावं लागत नाही. जर्सी सिटी, होबोकेनवाल्यांना पाथ रेल्वे सोयीची, ९व्या किंवा १४व्या रस्त्याला उतरून चालत. ब्लू नोटसाठी वेस्ट फोर्थ स्ट्रीट स्टेशन. जाण्याआधीच परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा टिपून ठेवा. दुसरा सेट सव्वाअकराच्या सुमारास संपतो आणि रात्री उशिरा, विशेषतः शनिवार-रविवारी, गाड्यांमधलं अंतर वाढतं.

पोटात काहीतरी टाकून जा. मॅकडूगल स्ट्रीटवर काठी रोल मिळतात, आणि तिथेच १९७१ पासून चालू असलेलं ‘मामून्स’चं फलाफल आहे, शाकाहारी माणसाची दहा डॉलरच्या आसपास सोय होते. लसूण जरा जपून, पुढचा सव्वा तास तुम्ही परक्या माणसाच्या खांद्याशी बसणार आहात.

कपड्यांचं बंधन नाही. हिवाळ्यात जाड कोट खुर्चीच्या पाठीलाच टाकावा लागतो, तेव्हा सोबत मोठ्या पिशव्या नकोत.

दारात आणि जागेवर

तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो. जो आधी येईल त्याला आधी बसवतात. व्हॅनगार्डमध्ये पहिल्या सेटसाठी तासभर आधी दार उघडतं. साडेसहा-पावणेसातला फुटपाथवर रांगेत असाल तर पुढचं टेबल मिळायची आशा धरावी. दुसऱ्या सेटसाठी साडेनवाच्या आधी पोचा.

खाली उतरल्यावर क्लबचा माणूस तुम्हाला जागा दाखवेल. ‘जरा डावीकडे मिळेल का?’ असं विचारायला हरकत नाही, पण वाद घालू नका. डावीकडेच का? कारण पियानो बहुधा प्रेक्षकांच्या डाव्या हाताला असतो आणि वादकाची पाठ त्या बाजूला येते. डाव्या भिंतीशी बसलं की बोटं दिसतात. पियानोवादकाला ऐकायला आला असाल तर ही जागा पहिल्या रांगेपेक्षा भारी. ड्रम्सच्या अगदी पुढ्यात बसलात तर झांजांखाली बाकीचं सगळं बुडतं. ट्रम्पेटच्या तोंडासमोर बसू नका. पहिल्या उंच स्वरालाच कळेल का ते. मागे बारजवळ नजर अडते, पण तिथे आवाज सगळ्यांत एकजीव ऐकू येतो. मुरलेले कानसेन अनेकदा तिथेच दिसतात.

बसल्या बसल्या पेय सांगून टाका. सेट चालू झाल्यावर वाढप्याला हाका मारणं वाईट दिसतं. फोन बंद करून खिशात. व्हॅनगार्डमध्ये वादन चालू असताना फोटो, रेकॉर्डिंग काहीही चालत नाही. आठवण म्हणून फोटो हवाच असेल तर रिकाम्या मंचाचा, सेटच्या आधी.

ऐकायचं काय

वादक कुठून येतील म्हणून पडद्याकडे बघत बसू नका. ते तुमच्या टेबलांच्या मधून, ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत, वाट काढत येतात. ज्याला आयुष्यभर सीडीच्या वेष्टनावर पाहिलं त्याचा कोट तुमच्या खुर्चीला घासून जातो.

आता रचनेबद्दल थोडं. ख्याल ऐकलेल्या माणसाला हे चटकन उमजतं. बहुतेक जुन्या रचना बत्तीस बारांच्या असतात; बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड, प्रत्येकात चार मात्रा. आठ-आठ बारांचे चार तुकडे : पहिले दोन एकाच चालीचे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. सुरुवातीला सगळे मिळून ही चाल मांडतात, तिला ‘हेड’ म्हणतात. मग एकेक जण त्याच बत्तीस बारांच्या आवर्तनावर आपापलं मांडतो, तो सोलो. चाल ऐकू येत नाही, पण आवर्तन खाली चालूच असतं आणि त्यातले स्वरसमूह ठरलेले असतात. हेड चालू असताना मनात चार तुकडे मोजून घ्या आणि मग सोलो चालू असतानाही तेच मोजत राहा. तिसऱ्या तुकड्यावर सुरावट वळते, ते वळण कानाला लागलं की पुढचं सोपं. आवर्तन नव्यानं सुरू होताना ड्रम्सवाला बहुतेक काहीतरी ठिणगी टाकतो. समेवर मान हलवायची सवय असेल तर ती इथे उपयोगी पडते. शेवटी शेवटी ड्रम्स आणि बाकीचे चार-चार बार वाटून घेतात, सवाल-जवाबच तो. मग पुन्हा हेड आणि समाप्ती. सगळंच या साच्यात बसत नाही, आजचे पुष्कळसे वादक साचा मोडूनच वाजवतात. तरी पहिल्या रात्री पकडायला एवढं पुरे.

सोलो संपला की टाळ्या वाजवायच्या, तुकडा मध्येच असला तरी. मात्र ‘वाह, क्या बात है’ मोठ्यानं नको. पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा हलकेच ‘येऽ’ म्हणतो, दाद तेवढीच. फर्माईश ओरडू नका. इथे चिठ्ठी पाठवायची चाल नाही.

बास सोलोला सगळ्या संचाचा आवाज खाली उतरतो आणि नेमक्या त्या वेळी काही लोकांना बोलायची उबळ येते. त्यातले तुम्ही नका होऊ. किंबहुना लहान क्लबात यायचं खरं कारण हेच क्षण. रेकॉर्डवर बास हा नुसता खालून येणारा भार असतो. इथे बोट तारेवरून सुटताना लाकडावर आपटल्याचा टक् ऐकू येतो, स्वर लावण्याआधी बासवाल्यानं घेतलेला श्वास ऐकू येतो. ड्रम्सवाला संथ रचनेसाठी काठ्या खाली ठेवून तारांचे ब्रश उचलतो आणि स्नेअर या पुढच्या छोट्या ड्रमच्या कातडीवर गोल गोल फिरवतो. रेकॉर्डवर त्याची फक्त सरसर येते; सहा फुटांवरून कळतं की डावा हात गोल घासतोय, उजवा वरून टिपतोय, आणि दोन्ही हातांचा वेग वेगळा आहे. कित्येक पियानोवादक वाजवताना पुटपुटतात, गुणगुणतात. कधी बोटांच्या आधी गळा पोचतो, कधी बोटं पुढे निघून जातात. हे सगळं सभागृहाच्या विसाव्या रांगेत पोचत नाही.

आणि चुका. म्हाताऱ्या हातांकडून स्वर निसटतात, पल्लेदार तान मध्येच आवरती घेतली जाते. तरुणपणची चपळाई शोधत बसलात तर हळहळ पदरी पडेल. त्याऐवजी तो काय गाळतोय ते ऐका. पन्नास वर्षं वाजवलेल्या रचनेतून नेमके कोणते स्वर ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवूनच तो बसलेला असतो.

शेवटच्या रचनेच्या आसपास टेबलावर बिल येतं. टिप धरून पैसे ठेवा आणि परत ऐकण्याकडे वळा. क्रेडिट कार्डाची सही करत बसाल तर शेवटचं हेड हुकेल.

नंतर भेटायचं असेल तर

लहान क्लबात हे जमतं. वादक लगेच गायब होत नाहीत, बारपाशी किंवा दाराजवळ थोडा वेळ असतात. काही जण सीडी विकायला बसतात. वीस डॉलरची नोट सुटी ठेवा, कार्डाचं यंत्र असेलच असं नाही. जुन्या रेकॉर्डचं वेष्टन सही घेण्यासाठी नेलंत तर बहुतेकांना आनंदच होतो. पेन आपलं न्या, काळ्या वेष्टनावर चालेल असं.

बोलायचं ते दोन वाक्यांत. ‘मी तुमचा फार मोठा चाहता’ हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. ‘हा अल्बम मी पुण्यात ऐंशीच्या दशकात दादरच्या दुकानातून मागवून घेतला होता’ असं काही सांगितलंत तर ते थांबून ऐकतात. ‘ते अमुक का नाही वाजवलं?’ हा प्रश्न गिळून टाका. सेल्फी विचारूनच. आणि त्याच रात्री दुसरा सेट असेल तर पहिल्यानंतर त्यांना गाठू नका. त्यांना जेमतेम पाऊण तास मिळतो, त्यात पाणी प्यायचं असतं, बसायचं असतं. भेटायचंच असेल तर दुसऱ्या सेटनंतर.

जाता जाता बास आणि ड्रम्सवाल्यांनाही नावानं दाद द्या. लोकांचा घोळका मुख्य वादकाभोवती असतो आणि हे दोघं केबल गुंडाळत, झांजा पिशवीत भरत एकटेच असतात. गप्पांचा खरा खजिना पुष्कळदा त्यांच्याकडेच मिळतो.

सेट फारच रंगला तर रविवारच्या दहाच्या सेटचं तिकीट त्याच रात्री गाडीत बसल्या बसल्या बघा. एकाच आठवड्यात तोच संच दोनदा ऐकणं ही उधळपट्टी वाटेल, पण तीच रचना चार दिवसांत किती बदलली ते कळायला दुसरा मार्ग नाही, आणि रविवारी रात्री जागा बहुतेक वेळा मिळून जाते.